मेजरला राखणीला पाठवलं तेव्हा

दारू सोडलेले आठ-दहा पुरुष एका घरात राहिले तर कशावरून भांडतील, असं लोक मला विचारतात. त्यांना वाटतं, दारूवरून. दारूवरून कधीच नाही. उप्पिटावरून भांडतात. पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून भांडतात. दाढीच्या आरशासमोर कोण किती वेळ उभा राहिला, निळी बादली कुणी घेतली, चहाच्या पातेल्यात चमचा कुणी सोडला, यावरून तर दोन दिवस अबोला. ज्यांनी बायकोचे दागिने, घरची गुरं, स्वतःची नोकरी दारूत घालवली आणि तेव्हा हूं की चूं केलं नाही, ते लोक एका बादलीसाठी माझ्यापुढे न्याय मागायला उभे राहतात. 'आक्का, तुमीच सांगा.'

मी काय सांगणार? मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, मी शिकून नर्स झाले, सरकारी दवाखान्यात उभी हयात काढली. निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसायचं ठरवलं होतं. पण ज्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काम केलं ते मानसोपचाराचे डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, "सिस्टर, बेळगावजवळ मच्छ्याला एक घर घेतलंय. सांभाळाल का?" मला वाटलं, घर सांभाळायचं म्हणजे कुलूपकिल्ली. तिथं माझं चुकलं.

आमचं घर म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण मच्छ्यातल्या लोकांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. ते त्याला सरळ 'दारुड्यांचं घर' म्हणतात. हा दवाखाना नाही. दवाखान्यात माणसाच्या अंगातली दारू उतरवतात, थरथर थांबवतात, मग सोडतात. सोडलेला माणूस बस स्टँडवर उतरतो, आणि स्टँडच्या समोरच दुकान असतं. दवाखाना आणि आपलं घर यांच्या मधला जो रस्ता आहे, त्या रस्त्यावर आमचं घर. दाराला कुलूप नाही, जायचं त्यानं जावं. राहायचं असेल तर मात्र नियमानं. पहाटे उठायचं, अंथरूण घडी करायचं, फळ्यावर आपली पाळी बघायची. कुणी स्वयंपाक, कुणी भांडी, कुणी संडास. जे कामावर जाऊ शकतात ते जवळच्या कारखान्यांत जातात, संध्याकाळी परत येतात आणि दारातच एका यंत्रात फुंकतात. तोंडात दारू असेल तर ते यंत्र लाल होतं. आमचे लोक त्याला 'फुंकणी' म्हणतात. संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून आपापलं बोलायचं, त्याला बैठक म्हणतात. त्यावरही त्यांचा विनोद ठरलेला: "पयल्यांदाबी बैठकच व्हायची, आता निस्ता च्या."

नवा आलेला माणूस पहिल्यांदा माझं आडनाव विचारतो. का विचारतो ते मला कळतं. जात सोडून ये म्हणून मी कुणाला सांगत बसत नाही. स्वयंपाकाच्या पाळीत त्याला माझ्याबरोबर कणीक मळायला लावते. तेवढ्यात भागतं.

दोन नियम सगळ्यांत मोठे. एक, प्यायला त्यानं त्याच संध्याकाळी घर सोडायचं. दवाखान्यात जायचं, आणि पुन्हा यायचं तर पहिल्यापासून. दुसरा, बैठकीत जे ऐकलं, घरात जे घडलं, ते बाहेर सांगायचं नाही. बायकोलाही नाही. हे दोन नियम नसते तर घर आठवड्यात मोडलं असतं. आणि या दोन नियमांनी मला जेवढा ताप दिला तेवढा त्या निळ्या बादलीनंसुद्धा दिला नाही.

त्या वर्षी घरात परशराम होता. कणकुंबीच्या अलीकडच्या एका जंगलातल्या गावचा, टेम्पो चालवणारा, पन्नाशीचा. त्याच्यासारखा किरकिऱ्या माणूस मी दवाखान्याच्या सगळ्या वॉर्डांत मिळून बघितला नाही. सकाळी ताट पुढं आलं की सुरू. "आक्का, ह्ये उप्पीट हाय का सिमीट?" गादी टोचते. शेजारचा घोरतो. बैठकीत तेच तेच बोलतात. फळ्यावर त्याचं नाव संडासाच्या पाळीत आलं की त्याची कंबर धरायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "परशा, तुला कुणी धरून ठेवलंय का रं? जा की." तर म्हणाला, "जातो म्हनलं की तुमी लगेच जा म्हनता. थोडं धरा तरी."

आणि दुसरीकडे मेजर. खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पण आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. अंथरुणाची घडी अशी की वरून रुपया टाकला तर उडावा. सगळ्यांच्या आधी आंघोळ. स्वतःहून संडासाची पाळी घ्यायचा. एक शिट्टी गळ्यात घालायचा आणि सकाळी ती वाजवून सगळ्यांना उठवायचा, त्यावरूनही परशाची तक्रार होतीच. बैठकीत मात्र मेजर फार बोलत नसे. "सब ठीक. डिसिप्लिन पायजे," एवढंच. मला त्याचं फार बरं वाटायचं. दहांमध्ये एकजण तरी डोकं खात नाही, यात नर्सला केवढं सुख असतं ते नर्सलाच ठाऊक.

अशात परशाच्या धाकट्या मुलीचं, रेणुकाचं, लग्न ठरलं. मुलगा कडोलीचा. रेणुकानं मला फोन केला. आवाज शांत, पण कापरा. "आक्का, आप्पांना लग्नाला धाडा. पण शुद्धीत असतील तरच धाडा. थोरल्या अक्काच्या लग्नात ते मांडवात पडलेते. वरातीच्या लोकांनी उचलून न्हेलंतं. माझ्या लग्नात तसं व्हायला नको. तसं व्हनार असलं तर मामा कन्यादान करतील."

परशाला मी हे सांगितलं. त्यानं त्या दिवशी ताटातलं सगळं गपगुमान खाल्लं, तेव्हा मला भीती वाटली.

लग्न गावात, म्हणजे जंगलात, म्हणजे गोव्याच्या हद्दीला लागून. तिकडची काजूची दारू या हद्दीत कशी येते हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. तिथं लग्नाला परशाला पाठवायचं म्हणजे उंदराला धान्याच्या कणगीत सोडायचं. आमचा नियम असा की अशा ठिकाणी एकट्यानं जायचं नाही, घरातला दुसरा माणूस बरोबर घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, "कोण जाईल?" मी म्हटलं, "विचारायला हवं का?" मेजरनं बॅग भरली, बूट पॉलिश केले, शिट्टी घेतली. हळदीच्या दिवशी सकाळी दोघं जांबोटीच्या बसनं गेले. मी निर्धास्त.

पुढं जे झालं ते मला परशानं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, मध्ये मध्ये मला दोष देत. आता बाहेर सांगते आहे ते दोघांना विचारून.

हळदीच्या संध्याकाळी भाऊबंद त्याला मांडवामागं घेऊन गेले. "पोरीची हळद हाय, एक घोट तरी." मेजर मध्ये उभा राहिला आणि असा ओरडला की वाजंत्री थांबली. सगळे पांगले. परशा म्हणाला, "आक्का, मला तवा त्येचा लई अभिमान वाटला. म्हनलं, ह्यो मानूस हाय तवर माज्या केसाला धक्का न्हाय."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. वऱ्हाडात मुलाचा चुलता, तोही फौजेतला, मेजरच्याच पलटणीतला निघाला. दोघांनी एकमेकांना सॅल्यूट मारला, मिठी मारली, बर्फातल्या गोष्टी निघाल्या, मेलेल्या दोस्तांची नावं निघाली. आणि चुलत्यानं पिशवीतून बाटली काढली. भाऊबंदांना ओरडून पांगवणारा मेजर आपल्या पलटणीतल्या माणसाला नाही म्हणू शकला नाही.

इकडं अक्षता पडल्या. परशा धोतर-टोपीत उभा. हात थरथरत होते, पण ते बापाचे हात थरथरतात तसे. मामाला शेजारी उभं करून ठेवलंच होतं, न जाणो. कन्यादान परशानं केलं. पाणी सोडताना रेणुकानं वर बघितलं आणि बापाच्या डोळ्यांत बघून हसली. हे सांगताना परशा थांबला आणि म्हणाला, "त्ये आसूं दे."

मग मांडवाबाहेर शिट्टी वाजायला लागली. मेजर बँडवाल्यांना रांगेत उभं करून कवायत देत होता. लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, "परशाचा दोस्त तो, परशासारकाच असनार." थोरल्या जावयानं परशाचं तोंड हुंगलं, सगळ्यांसमोर.

परशा मेजरकडं गेला. तोवर मेजर रस्त्याला लागला होता, गोव्याकडं जाणारी जीप थांबवायला. त्याला अजून हवी होती. परशानं त्याला दंडाला धरलं. पंगती बसत होत्या, रेणुका नवऱ्याबरोबर जेवायला बसली होती, पाठवणीला अजून वेळ होता. बेळगावकडं जाणारी बस वळणावर दिसली. परशानं मेजरला बसमध्ये ढकललं आणि स्वतः चढला.

जांबोटीच्या रस्त्याच्या वळणांवर मेजर ओकला. कंडक्टर ओरडला, "इळीरी, इळीरी!" म्हणजे उतरा खाली. परशानं कानडीत हातापाया पडून त्याला थांबवलं, खांद्यावरच्या लग्नाच्या उपरण्यानं बसची फरशी पुसली. मच्छ्याजवळ पिरनवाडीला उतरून रिक्षा केली. संध्याकाळी आम्ही बैठकीला बसत होतो, तेव्हा दारात हे दोघं. एक लग्नाच्या धोतरात, एक पॉलिशच्या बुटांत, आणि कोण कुणाला आणतंय ते बघून मी जागची हललेच नाही.

परशानं कुणी सांगायच्या आधी फुंकणी उचलली आणि फुंकली. काही नाही. मग ती मेजरपुढं धरली. मेजर माझ्याकडं बघत राहिला. मग फुंकली. लाल.

"घ्या," परशा मला म्हणाला. "तुमी ह्येला माज्या राखनीला धाडलंता का मला ह्येच्या?"

मी म्हटलं, "अरे, तिथं कुणाजवळ तरी ठेवायचास. पोरीची पाठवणी टाकून आलास?"

"कुनाजवळ ठेवू? सगळ्यांच्या हातात गिलास." मग खाली बघून म्हणाला, "आनि खरं सांगू काय? ह्येच्या तोंडाचा वास आला आन् माजी जीभ भाईर आली. थांबलो असतो तर दोगंबी गेलतो."

नियमाप्रमाणे मेजरला त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोचवायचं होतं. यावर परशा माझ्यावर असा भडकला की विचारू नका. "एवड्यासाटी आनला व्हय त्येला? घराभाईर काडायला? मग जीपमदीच बसवला असता की!" मी सांगत होते की हे हाकलणं नाही, दवाखाना आहे, आणि आत बसलेल्या बाकीच्या आठांनी हा वास घेतला तर उद्या मला आठ खाटा रिकाम्या दिसतील. त्याला ते पटलं नाही. मला तरी त्या क्षणी कुठं पूर्ण पटत होतं? पण नियम माणूस बघून वाकवला की तो घरात राहत नाही, हे मी वॉर्डात शिकले आहे. मेजरनं आपली बॅग उचलली आणि डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाचा फोन.

"आप्पा तितं हाईत?"

"आहेत."

"प्यालेत न्हवं?"

"नाही गं. मी स्वतः तपासलंय."

"मग गेले का? मी गाडीत बसताना सगळीकडं बघितलं. सगळे म्हनत होते, गेला बघ पियाला. सासूबाई म्हनाल्या, बाप पाठवणीलाबी थांबला न्हाय, कसला बाप. आक्का, का गेले ते तरी सांगा."

मी परशाला बोलावून फोन दिला. त्यानं तो कानाला लावला, म्हणाला, "काम आलतं," आणि ठेवून दिला.

माझा इतका संताप झाला की हातातला कप मी ओट्यावर आपटला. "काम? कसलं काम? सांग की तिला खरं!"

"कसं सांगू? घरातलं भाईर सांगायचं न्हाय. तुमीच रोज सांजच्याला सांगता."

एकही नियम ज्यानं किरकिर न करता पाळला नाही, त्यानं पाळायला नेमका हा निवडला! मी त्याला समजावलं, ओरडले, शेवटी विनवलं. तो म्हणाला, "मेजर परत दवाखान्यात गेला ह्ये त्येच्या बायकोला ठाव न्हाय अजून. मी पोरीला सांगनार, पोरगी सासूला सांगनार, सासू दिराला सांगनार. त्यो दीर पलटनीतला. चार दिसांत मेजरच्या गावात." यात एक शब्द खोटा नव्हता. आणि मीही त्याच नियमानं बांधलेली. रेणुका त्यानंतर दोनदा माझ्याशी फोनवर बोलली, तिसऱ्यांदा म्हणाली, "आक्का, आता नको. त्यांना सांगा, मला फोन करू नका म्हनून." परशानं मान हलवली आणि भांडी घासायला गेला. पाळी त्याची नव्हती.

मी दवाखान्यात मेजरला बघायला गेले. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी त्याला काही कर म्हणून सांगितलं नाही. सांगायचं नसतं, दारू उतरत असलेल्या माणसावर ओझं टाकलं की तो ते टाकायला परत दुकानातच जातो. मी एवढंच म्हटलं, "परशाची मुलगी त्याच्याशी बोलत नाही."

"का?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"पाठवणीला नव्हता म्हणून."

तो काही दिवसांनी दवाखान्यातून सुटला, पण आमच्याकडं आला नाही, आपल्या गावीही गेला नाही. डॉक्टर काळजीत, मी चिडलेली. माणूस बरा होतो, आपण त्याला दारापर्यंत सोडतो, आणि तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होतो. या धंद्यातलं हे दुखणं मला अजून सोसत नाही.

मग एका रविवारी दुपारी मोटारसायकल थांबली. रविवार हा घरच्यांच्या भेटीचा दिवस. हिरव्या चुड्यातली रेणुका आणि तिचा नवरा. मी दार उघडलं, तर ती माझ्याशी न बोलता आत बघत होती.

"आप्पा कुटं हाईत?"

"मागं. काय झालं?"

तिनं सांगितलं. आदल्या दिवशी कडोलीत त्यांच्या अंगणात एक उंच माणूस आला. इस्त्रीचे कपडे, ताठ उभा. सासूला वाटलं मतं मागायला आलाय. त्यानं सासूला नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर, आपल्या पलटणीतल्या दोस्तासमोरसुद्धा, म्हणाला, "लगनात पिऊन ज्यानं तमाशा केला तो मी. हिचा बाप नाही. मला उचलून न्यायला तो गेला. त्यानं सांगितलं नसेल, म्हणून मी सांगायला आलो." पाणी दिलं ते प्यायला आणि निघून गेला. दोस्त मागोमाग बस थांब्यापर्यंत गेला म्हणे.

मेजर त्यानंतर आठवड्यानं आमच्या दारात आला. पहिल्यापासून सुरुवात केली. शिट्टी बरोबर नव्हती. बैठकीत बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना. बर्फ, दोस्त, घरातलं एकटेपण. आता माझं डोकं दहाही जण खातात. परशा वर्षभरानं गावी गेला, टेम्पो चालवतो. उद्याचं मी कुणाचंच सांगत नाही, त्याचंही नाही. पण मला सांगायचा आहे तो रविवार.

परशा मागच्या अंगणात अंथरुणं वाळत घालत होता. रेणुका त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सांगायला काय झालतं?"

"सांगायचं न्हवतं."

"मलाबी?"

"तुलाबी."

"सगळा गाव शिव्या घालत हुता तुमाला. मीबी घातल्या."

"कानावर आल्या," परशा म्हणाला, आणि चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती पिळली.

त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी एका फाउंड्रीवाल्याची होती. आमटी इतकी तिखट की जावयाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बिचारा 'छान झालीय' म्हणत राहिला. परशा शेजारी बसून लेकीच्या पानात वाढत होता. बोलणं काय, तर सासरी म्हशी किती, जागा कशी, एवढंच.

चार वाजायला आले तशी ती उठली. दारात मोटारसायकल सुरू झाली. ती मागं बसणार, तेवढ्यात उतरली आणि परत आली. बापाच्या पायाला हात लावला. परशानं तिला धरलं आणि मोठ्यानं रडायला लागला. तीही. नवरा गाडी बंद करून, हेल्मेट हातात घेऊन, कुठं बघावं ते न कळून उभा. माझे सगळे पुरुष, बादलीवरून एकमेकांचे गळे धरणारे, एकेक करून दारात आले आणि मांडवातले पाहुणे उभे राहतात तसे दोन्ही बाजूंना उभे राहिले. कुणीतरी हुंदका दिला. कुणाला आपली लेक आठवली असेल, कुणाच्या लेकीची पाठवणी राहिलेली असेल. आत गॅसवर चहा उतू जात होता, वास येत होता, आणि त्यांतला एकजण जागचा हलेल तर शपथ.

"जावयबापू, सावकाश चालवा," परशा म्हणाला.

गाडी निघाली. कारखान्यांच्या भिंतीलगतचा तो रस्ता सरळ आहे, लांबवर दिसतो. रविवार असल्यामुळं रस्त्यावर कुणी नव्हतं. बैठकीची तयारी व्हायची होती, भांडी तशीच पडली होती. शेवटी मीच ओरडले, "परशा, चल आत. गेली ती."

तो हलला नाही. हात डोळ्यांवर आडवा धरून बघत होता.

"थांबा की आक्का," तो म्हणाला. "दिसतीया अजून."